काळ्या शाईतला हिवाळा
जपानी चित्रांतली फुले, पाखरे आणि कोरा कागद

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सहामाही परीक्षा आटोपली होती आणि माझी मुलगी शाळेच्या चित्रस्पर्धेसाठी चिमणी काढायला बसली होती. चोच जमली नाही म्हणून खोडली. पुन्हा काढली, पुन्हा खोडली. चौथ्या वेळी खोडरबराने कागदच फाटला आणि डोळ्यांत पाणी आले. शेजारी खुर्चीवर माझे अब्बा बसले होते. ते म्हणाले, "बेटा, आमच्या कामात खोडरबर नव्हतेच. चुकले की तख्ती धुवायची आणि पहिल्यापासून लिहायचे."

अब्बांनी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे कातिब म्हणून काढली. बोरू आणि रोशनाई घेऊन उर्दू किताबत करायची, त्यावर घर चालवायचे. पुढे संगणक आला आणि हाताने लिहिणाऱ्यांची गरज संपली. तरी ते सवयीने रोज सकाळी एखादी ओळ लिहीत. मग कंपवाताने हात थरथरू लागला, आणि एके दिवशी त्यांनी बोरूंचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. त्याला सहा वर्षे झाली. आम्ही कोणी तो विषय काढत नसू.

त्या संध्याकाळी मुलीचे मन वळवायला मी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणले, जपानी शाईचित्रांचे. तिच्यासाठी आणलेले पुस्तक अब्बाच जास्त वेळ पाहत बसले. रंग जवळजवळ नाहीतच. पांढऱ्या कागदावर काळी शाई, एक वाकडीतिकडी फांदी, चार फुले, एक पाखरू, आणि बाकी सगळा कागद कोरा. "यांनाही खोडता येत नसणार," अब्बा म्हणाले. त्यांचे बरोबर होते. शाई कागदाला लागली की ती लागली. त्या पुस्तकाच्या निमित्ताने आम्ही तिघांनी जे वाचले, पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

काजळी, सरस आणि थंडी

या चित्रकलेला जपानीत 'सुमी-ए' म्हणतात. सुमी म्हणजे शाई, ए म्हणजे चित्र. ही कला मूळची चीनची. तेराव्या-चौदाव्या शतकांत झेन पंथाचे भिक्षू चीनला जात-येत, त्यांच्यासोबत ती जपानात आली. पुढे सेश्शू या भिक्षू-चित्रकाराने तिला जपानी वळण दिले. सेश्शूचा जन्म १४२० चा. १४६७ मध्ये तो चीनला गेला आणि दोन वर्षांनी परतला. त्याच्याविषयी एक दंतकथा मुलांना फार आवडते. लहानपणी मठात चित्रे काढण्याच्या नादात अभ्यास राहिला म्हणून गुरूने त्याला खांबाला बांधले. पोर रडू लागले. थोड्या वेळाने गुरू येऊन पाहतो तर जमिनीवर उंदीर! मुलाने सांडलेल्या आसवांत पायाचा अंगठा बुडवून तो काढला होता.

सुमीची शाई बाटलीत मिळते तशी पातळ नसते. ती साबणाच्या वडीसारखी कांडी असते. सपाट दगडावर थोडे पाणी घालून ती उगाळायची. आपण सहाणेवर चंदन उगाळतो, अगदी तसेच. जितके उगाळावे तितकी शाई गडद. घाई केली तर शाई नीट उतरत नाही. चित्रकार म्हणतात, या उगाळण्यातच मन शांत होते आणि हात तयार होतो.

कांडी बनते दोन गोष्टींची: काजळी आणि सरस. तेलाचे दिवे लावून किंवा पाइनचे लाकूड जाळून काजळी धरतात, जनावराच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात ती कालवतात आणि कणकेसारखी हातापायांनी मळतात. मग लाकडी साच्यात घालून वडी पाडतात. ती उन्हात वाळवली तर तडकते, म्हणून राखेत पुरतात आणि दररोज आधीपेक्षा कोरडी राख बदलत जातात. त्यानंतर गवताच्या दोरीत ओवून महिनोनमहिने टांगतात. हे सगळे काम हिवाळ्यातच चालते, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात सरस नासतो. जपानच्या नारा शहरात ऑक्टोबर ते एप्रिल हा शाईचा हंगाम असतो. तिथली एक पेढी १५७७ पासून शाई करते आहे. तिचे नाव 'कोबाइएन', म्हणजे 'जुन्या प्लमच्या झाडांची बाग'. हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडाचे नाव हिवाळ्यात बनणाऱ्या शाईला!

नाऱ्यात तेलाच्या काजळीची शाई कशी सुरू झाली, याची एक गोष्ट सांगतात. तिथल्या कोफुकुजी मंदिरातल्या दिव्यांची काजळी छताला जमे, ती खरवडून भिक्षूंनी शाई केली. हे वाचल्यावर अब्बा हसले. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीची गोष्ट त्यांना त्यांच्या उस्तादांनी सांगितली होती. तिथल्या असंख्य दिव्यांचा धूर हवेच्या ओढीने एका जागी जाऊन बसेल अशी योजना वास्तुशिल्पी सिनान यांनी केली होती, आणि ती काजळी खत्तात शाईसाठी वापरत. ही मशीद १५५७ मध्ये पुरी झाली. तिकडे काजळी सरसात मळत, इकडे बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात. तिकडे हातात कुंचला, इकडे बोरू. पण काम तेच: उजेड देऊन विझलेल्या दिव्यातून जे उरले, त्याने लिहायचे.

बर्फात फुलणारे झाड

जपानी शाईचित्रांत हिवाळ्याचा मान ज्या फुलाला आहे ते 'उमे'. याला प्लम म्हणण्याचा प्रघात असला तरी वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपल्या जर्दाळूचे जवळचे भावंड. पान फुटायच्या आधी, उघड्या काळ्या फांदीवर, जानेवारीच्या अखेरीपासून ते फुलू लागते. कधी फुलांवरच बर्फ पडते. पाच गोल पाकळ्या, मध्ये बारीक केसर आणि मंद सुगंध. हे झाड चीनमधून आले. आज जपान म्हटले की आपल्याला चेरीचा बहर आठवतो, पण आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात चेरीपेक्षा उमेवरच्या कविता अधिक आहेत. त्या काळी बहर म्हटला की जाणत्यांच्या मनात उमे येई.

जपानने १८७३ मध्ये आजचे इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले. त्याआधी तिथला महिना चंद्रावर चाले आणि नवे वर्ष हिवाळा सरता सरता येई. म्हणजे उमे हे हिवाळ्याचे शेवटचे फूल आणि नव्या वर्षाचे पहिलेही. म्हणूनच चित्रकारांनी त्याला उचलून धरले. पाइन, बांबू आणि उमे यांना 'हिवाळ्याचे तीन मित्र' म्हणतात. पाइन थंडीत पाने टाकत नाही, बांबू बर्फाच्या भाराने वाकतो पण मोडत नाही, आणि उमे सगळे गोठलेले असताना फुलतो. अडचणीत जो साथ सोडत नाही तो मित्र, हे सांगायला तीन झाडे पुरली.

स्वयंपाकघरातही उमे आहे. जूनच्या सुमारास फळे तयार होतात, ती मिठात मुरवून लोणचे घालतात. त्याच दिवसांत पाऊस लागतो, आणि त्या पावसाळ्याचा शब्द लिहितात तो 'उमे' आणि 'पाऊस' ही दोन चिन्हे जोडून. कैरी आणि वळीव आपल्याकडे जसे बरोबर येतात, तसेच हे.

दुसरे फूल 'त्सुबाकी', म्हणजे कॅमेलिया. जाड, चकचकीत हिरवी पाने आणि लालभडक फूल. ज्या चहाशिवाय आपली सकाळ होत नाही, त्या चहाचे झुडूप याच कुळातले. कॅमेलियाच्या पाकळ्या एकेक करून झडत नाहीत. पुरे फूल देठापासून सुटते आणि जमिनीवर उताणे पडते. त्यामुळे आजारी माणसाला भेटायला जाताना जपानी लोक हे फूल नेत नाहीत. चित्रकाराला मात्र बर्फावर पडलेले ते एक अख्खे फूल पुरेसे असते.

तिसरे फूल पाहून माझी मुलगी ओरडलीच, "नाना, ही तर नर्गिस!" खरेच नर्गिस. जपानीत तिला 'सुइसेन' म्हणतात. फारसी आणि उर्दू शायरीत जिची डोळ्याला उपमा देऊन देऊन शायर थकले नाहीत, तीच ही नर्गिस. तिचे माहेर भूमध्य समुद्राच्या काठचे. तिथून ती पूर्वेकडे सरकत चीनमार्गे जपानला पोचली. तिथल्या फुकुई प्रांतात एचिझेनच्या किनाऱ्यावर, ऐन थंडीत, समुद्राचे खारे वारे अंगावर घेत डोंगरउतारावर हजारो नर्गिस फुलतात. एकाच फुलाने दोन दूरच्या मुलखांतल्या कलावंतांना वेड लावावे याचे नवल वाटते.

कोण खरा बुलबुल?

फारसी शायरीत गुल आणि बुलबुल ही जोडी आहे. जपानीत तशी जोडी उमे आणि उगुइसु यांची. उगुइसु हा लहानसा, मळकट तपकिरी-हिरवट पक्षी. दिसायला सामान्य, पण गळा असा गोड की त्याची पहिली शीळ ऐकू आली की वसंत आला असे मानतात. पुस्तकांतून त्याला 'जपानी बुलबुल' म्हटलेले आढळते. आता यात दुहेरी गंमत आहे. शायरीतला बुलबुल म्हणजे आपल्या अंगणातला तुरेवाला, बुडाशी लाल बुलबुल नव्हे. तो इराणातला वेगळाच, रात्री गाणारा पक्षी. आणि उगुइसु त्या दोघांपैकी एकही नव्हे.

पुढे तर आणखी घोटाळा. उगुइसु लाजाळू. तो झुडपांत लपून किडे खातो, उमेच्या फांदीवर उघड्यावर क्वचित बसतो. फुलातला मध प्यायला जो खरोखर येतो तो 'मेजिरो', हिरवा-पिवळा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला. जपानातसुद्धा पुष्कळ लोक त्यालाच उगुइसु समजतात. या मेजिरोचा सख्खा चुलतभाऊ आपल्या महाराष्ट्रात घरोघरी आहे. तो म्हणजे चष्मेवाला! थंडी सरताना पांगारा आणि सावर फुलली की त्यांच्या फुलांत तोंड खुपसणारी इवलीशी हिरवी टोळी आपण पाहिलेली असते. कॅमेलियाच्या फुलाचे परागीभवनही मुख्यतः पक्ष्यांकडूनच होते. हिवाळ्यात किडे-फुलपाखरे नसतात, तेव्हा हा मेजिरो आणि 'हियोदोरी' हा करडा, गोंगाट्या पक्षी मधाच्या मोबदल्यात ते काम करतात. आणि हा हियोदोरी मात्र जातीने अस्सल बुलबुल आहे. म्हणजे जपानात गुल आणि बुलबुल खरेच भेटतात, फक्त शायरांनी नाव दुसऱ्याचे लावले.

चिमणीही आहेच. थंडीत पिसे फुलवून लाडवासारखी गोल झालेली चिमणी जपानी लोकांची फार आवडती. अशा गुबगुबीत चिमणीला ते सुबत्तेची खूण मानतात. माझ्या मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, "हिला तर मानच नाही, हिची चोच सोपी आहे."

फांदीवरचा सुरवंट

आता काही चित्रकारांविषयी. क्योतो शहरात दाइतोकुजी नावाचे मोठे मठसंकुल आहे. त्यातल्या जुकोइन या लहान मठाच्या सरकत्या कागदी दारांवर कानो एइतोकूने ऋतूंची फुले-पाखरे काढली. ही चित्रे १५६६ च्या सुमाराची मानली जातात, म्हणजे तेव्हा एइतोकू पंचविशीच्याही आत होता. उमेचे एक दांडगे खोड दारामागून दार ओलांडत, वळसे घेत पाण्यावर झुकते. जणू खोलीच त्या झाडाखाली आहे. पुढे एइतोकूला ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने आझुची किल्ला सजवायला बोलावले. तिथे सोन्याच्या वर्खावर चित्रे झाली. १५८२ मध्ये नोबुनागा मारला गेला, पाठोपाठ किल्लाही जळाला आणि ती सारी चित्रे राख झाली. सत्तेच्या महालातले सोने गेले. मठातली शाई आणि कागद उरले.

दुसरा मियामोतो मुसाशी. हा तर नावाजलेला तलवारबहाद्दर, 'पाच वलयांचे पुस्तक' हा युद्धकलेवरचा ग्रंथ लिहिणारा. १६४५ मध्ये तो वारला. त्याचे एक चित्र ओसाकाजवळच्या इझुमी शहरातल्या संग्रहालयात आहे. एक वाळकी काटकी खालून वर सरळ गेली आहे, जणू तलवारीचा एकच वार. तिच्या टोकावर खाटीक पक्षी बसला आहे. आपल्याकडेही या पक्ष्याला खाटीकच म्हणतात, कारण तो पकडलेले किडे काट्याला टांगून ठेवतो. चित्र पाहून पान उलटणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "थांबा, काटकीवर काहीतरी आहे." काटकीच्या मध्यावर एक सुरवंट सावकाश वर चढतो आहे. वर कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि पक्षी दुसरीकडेच पाहतो आहे. पुढे काय होणार? चित्रकार सांगत नाही. ज्याने उभा जन्म मृत्यूच्या समोर उभे राहून काढला, त्याने एका सुरवंटाकडे इतक्या निरखून पाहावे, हे मला फार मोठे वाटले. याच सुमारास आपल्याकडे जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर पक्ष्याचे पीस न् पीस रंगवत होता. मन्सूर सगळे दाखवतो, मुसाशी जवळजवळ सगळे वगळतो. दोघांनीही पाखराकडे मात्र मन लावून पाहिलेले असते.

तिसरा योसा बुसोन (१७१६-१७८४), कवी आणि चित्रकार. त्याची एक जोडी क्योतोच्या कितामुरा संग्रहालयात आहे. एका पटावर वादळी पावसात फांदीला घट्ट धरून बसलेली घार. दुसऱ्या पटावर बर्फ पडते आहे आणि दोन कावळे एकमेकांना खेटून बसले आहेत. उतारवयातले हे काम. फूल नाही, शोभा नाही. दोन काळे कावळे आणि त्यांच्यावर पडणारा हिवाळा. अब्बा या पानावर बराच वेळ थांबले. माझी अम्मी जाऊन चार वर्षे झाली. ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

जे काढलेच नाही ते

या चित्रांतला बर्फ कसा रंगवतात? तो रंगवतच नाहीत. मारुयामा ओक्योने (१७३३-१७९५) बर्फाने लदलेल्या पाइनवृक्षांचे जोडपडदे काढले. ते आज तोक्योच्या मित्सुई संग्रहालयात आहेत. त्यात फांद्यांवरचा बर्फ म्हणजे निव्वळ कोरा कागद. भोवतीच्या काट्यांसारख्या पानांना शाई आहे, बर्फाला काहीच नाही. पांढरा बगळा काढायचा तर त्याच्या बाहेरची हवा हलकी करडी करायची. आत आपोआप बगळा उरतो. कोऱ्या जागेला जपानीत 'योहाकू' म्हणतात, म्हणजे 'उरलेले पांढरे'. अब्बा म्हणाले, "अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बिघडली तर अक्षर बिघडते. नवशिक्या रेघ पाहतो, उस्ताद जागा पाहतो."

शाई एक, पण छटा अनेक. जुने लोक म्हणत की शाईत पाच रंग असतात. कुंचला आधी पाण्यात, मग टोकाला गडद शाईत बुडवून आडवा फिरवला, तर एकाच फटकाऱ्यात काळ्यापासून धुरकट करड्यापर्यंत सगळ्या छटा उमटतात. कोरडा कुंचला खरखरीत ओढला तर झाडाची साल होते. आणि इतो जाकुचूने तर एक नवीनच युक्ती काढली. पाणी पटकन शोषणाऱ्या कागदावर दोन ओले ठिपके शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्यामध्ये आपोआप एक बारीक पांढरी रेघ राहते. त्या रेघांनी त्याने कोंबड्याची पिसे, माशाचे खवले, शेवंतीच्या पाकळ्या वेगवेगळ्या दाखवल्या.

या जाकुचूची कहाणी सांगायलाच हवी. तोही १७१६ चा, बुसोनच्याच वर्षीचा. क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. वडील गेल्यावर दुकान सांभाळले, पण चाळिशीला ते भावाच्या हाती दिले आणि पूर्णवेळ चित्रे काढू लागला. अंगणात कोंबड्या पाळल्या आणि नुसत्या पाहत बसला. बाजारात खाण्यासाठी विकायला आलेल्या चिमण्या विकत घेऊन तो सोडून देई, असेही सांगतात. १७८८ मध्ये क्योतोला भयंकर आग लागली. जाकुचूचे घर गेले. वय सत्तरीच्या पुढे, आणि हाती काही नाही. तेव्हा त्याने काय केले? ज्याला चित्र हवे त्याने तांदळाचे एक माप द्यावे आणि शाईचित्र घेऊन जावे, असा हिशोब ठेवला आणि तसेच टोपणनावही घेतले. आगीनंतर दोनच वर्षांनी, १७९० मध्ये, ओसाकाजवळच्या साइफुकुजी मंदिरासाठी त्याने दारांवर काम केले. एका बाजूला सोन्यावर ऐटबाज कोंबडे. दाराच्या मागच्या बाजूला नुसत्या शाईत कमळाचे तळे, त्यात सुकलेली, फाटलेली पाने. दोन्ही बाजू एकाच म्हाताऱ्या हाताच्या. १८०० मध्ये वारला तोपर्यंत तो काढतच होता.

अजिंठ्यापर्यंत आलेला कुंचला

या कुंचल्याचा आपल्या मातीशीही संबंध आला. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कोलकात्याला आले. त्यांच्यामुळे अवनींद्रनाथ टागोरांना रंग पाण्याने पसरवण्याची नवी रीत सापडली आणि तिचा ठसा बंगालच्या चित्रकलेवर उमटला. नंतर रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून अराई काम्पो हे चित्रकार आले. कोलकात्यात त्यांनी कुंचला शिकवला आणि मग ते आपल्या अजिंठ्याला गेले. लेण्यांच्या अंधारात बसून त्यांनी भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती जपानला गेल्या आणि १९२३ च्या तोक्योच्या महाभूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. कागद किती कच्चा असतो! तरी माणूस त्याच्यावर काढत राहतो.

घरी करून पाहा

महागडे सामान लागत नाही. काळी शाई, टोकदार गोल कुंचला, पाण्याची वाटी, आणि थोडा शोषणारा कागद पुरे. आधी कुंचल्यातले पाणी फडक्याला टिपून घ्या आणि खोड काढा. कुंचला आडवा धरून, थांबत थांबत ओढा. सरळ ओढू नका, उमेचे खोड म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारखे गाठाळ असते. जिथे फुले यायची तिथे फांदीत जागा मोकळी सोडा. मग पाणीदार शाईने पाच ठिपके गोलात ठेवा. ते सुकत आले की गडद शाईने केसराच्या बारीक रेघा आणि टोकांना टिंबे द्या. चिमणीसाठी आधी चोच आणि डोळा, मग डोक्याचा एक फटकारा, पंखाचे दोन, शेपटीचा एक आणि पाय सगळ्यांत शेवटी. चुकले तर खोडू नका. दुसरा कागद घ्या. सगळा कागद भरायचा मोह होईल, तो टाळा.

आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा मुलीचे खोड फारच गुळगुळीत आले, जणू विजेचा खांब. दोनदा काढले, दोनदा तसेच. मग ती नानांकडे गेली आणि म्हणाली, "नाना, तुमचा हात थरथरतो ना? मला तसेच खोड हवे आहे. माझा हात थरथरतच नाही."

मी धसकलेच. सहा वर्षे आम्ही जो शब्द जपून टाळला तो तिने सहज उच्चारला होता. अब्बांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "जन्मभर अक्षरे लिहिली, पाखरू कधी काढले नाही. खोड काढतो. पाखरू तू काढ." त्यांनी कुंचला घेतला, शाई टिपली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यापासून ओढायला सुरुवात केली. हात थरथरला. रेघ अडखळली, तुटली, पुन्हा चालू लागली. जिथे हात जास्त हलला तिथे गाठ पडली. वर पोचेपर्यंत कागदावर एक शंभर वर्षांचे झाड उभे होते.

मुलीने त्यावर सात फुले ठेवली आणि वरच्या फांदीवर एक गोल, बिनमानेची चिमणी बसवली. स्पर्धेत त्या चित्राला बक्षीस मिळाले नाही. कागद फार रिकामा आहे, असा शेरा आला. चित्र आता आमच्या दिवाणखान्यात लावले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर कपाटाच्या वरच्या फळीवर डबा नव्हता. अब्बा खिडकीशी बसून जुना बोरू फडक्याने पुसत होते.